पाठ इकडे करून बस

हरनीतची फाईल पहिल्यांदा परत आली तेव्हा भाताची काढणी उरकली होती आणि शेतांतून धसकटं जाळण्याचे दिवस होते. कोटली बेट गावावर आठवडाभर धूर साचून राहिला होता. डोळे चुरचुरायचे, म्हशी खोकायच्या. उत्तर फोनवर आलं, एका पानाचं. हरनीतने ते उभ्यानेच वाचलं आणि मग बापाला सोप्या भाषेत सांगितलं. शिक्षणाची मुदत संपल्यावर तू कॅनडा सोडून आपल्या देशात परत जाशील, याची अधिकाऱ्याला खात्री पटत नाही. म्हणून अभ्यासाचा परवाना देता येत नाही.

नछत्तर सिंग ओट्यावर बसून किल्ल्यांना तेल लावत होता. त्याने मान वर केली.

"त्यांना कसं कळलं?"

"काय कसं कळलं, बापूजी?"

"इथून गेलेलं कोणी परत येत नाही ते."

चुलीपाशी बसलेली छिंदो, त्याची बायको, तिथूनच ओरडली, "तुमच्या जिभेला काही हाड? पोरीचं तोंड बघा आधी."

हरनीतच्या तोंडावर काहीच नव्हतं. तिने फोन ओढणीच्या टोकाने पुसला, खुंटीवरची बादली घेतली आणि कामाला निघाली. साडेचार वाजले होते आणि दिवे लावायला अकरा घरं होती.

नछत्तरची स्वतःची जमीन नव्हती. त्याच्याकडे गावातल्या अकरा कोठ्यांच्या, म्हणजे बंगल्यांच्या, किल्ल्या होत्या. मालक सगळे बाहेर, परदेशी. कोणाच्या गच्चीवर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी, कोणाच्या गच्चीवर फुटबॉलच्या, एकाच्या गच्चीवर पंख पसरलेला सिमेंटचा गरुड. घर ओसाड दिसलं की चोर येतात आणि भाऊबंद कुंपण सरकवतात, म्हणून घर नांदतं दिसायला हवं. हे नांदतं दाखवण्याचं काम नछत्तरचं. त्याचे गुडघे गेल्यापासून ते हरनीत करायची. रोज नळ सोडायचे, संडासात पाणी टाकायचं, पंखे फिरवायचे. तिन्हीसांजेला वरच्या एका आणि खालच्या एका खोलीत दिवा लावायचा. उंबऱ्याशी दोन-तीन जोड चपला काढून ठेवायच्या, रोज थोड्या वेगळ्या. शनिवारी कपाटातले कपडे धुवायचे आणि दोरीवर वाळत घालायचे. तेच सदरे, तीच पोरांची गणवेशाची चड्डी. ती चड्डी घालणारा पोरगा आता बत्तीस वर्षांचा होता.

फरश्यांसाठी तेजाब वापरावं लागे, त्या ॲसिडने बोटं सोलून निघत. बोटांचे ठसे द्यायला हरनीत जालंधरला गेली, तेव्हा यंत्राने तिचे अंगठे तीनदा नाकारले होते. खिडकीतल्या बाईने ओला कागद पुढे केला.

"घरी काय करतेस?"

"घरं सांभाळते."

"किती?"

"अकरा."

"अकरा घरं असून बाहेर कशाला चाललीस गं?" बाई हसली. मागची रांगही हसली. चौथ्यांदा ठसे उमटले, पण फिके.

नकाराची बातमी दूध डेअरीवर दुसऱ्या सकाळीच पोचली. व्हिसा मिळावा म्हणून छिंदोने फाईल लावण्याआधी गुरुद्वाऱ्यात प्लास्टिकचं विमान वाहिलं होतं. या भागात सगळेच वाहतात. डेअरीवरच्या बायांपैकी एक म्हणाली, "छोटं घेतलं असशील. माझ्या भाचीने दोन हातांत मावेना एवढं वाहिलं होतं."

"अगं, मग ते मालवाहू विमान असेल," छिंदो म्हणाली. "भाचीचं वजन बघता तेच लागलं असणार."

हसून झालं. घरी येऊन तिने किटली आपटली.

अकरांपैकी शेवटची कोठी बंत कौरची. सगळा गाव तिला बीबी म्हणायचा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मुलगा मलकीत तिला कॅनडाला घेऊन गेला, तेव्हा ती नछत्तरच्या हातात किल्ली देऊन म्हणाली होती, "वैशाखीला येते." त्याला चार वैशाख्या झाल्या. मलकीतने अंगणाच्या भिंतीवर कॅमेरा बसवला होता, आवाज जाणारा आणि येणारा. त्याला तो बघायला वेळ नसे. बीबी बघायची. इथे संध्याकाळचे साडेपाच वाजत तेव्हा तिकडे पहाटेचे चार. बीबी गुरबाणीच्या पाठाला उठायची आणि पाठ झाला की आपलं रिकामं अंगण बघत बसायची.

सुरुवातीला हरनीत या आवाजाला दचकायची. आता सवय झाली होती. ती झाडू लागली की भिंतीतून यायचं, "पोरी, कोपऱ्यात राहिलं," किंवा "नळ नीट बंद कर, ठिबकतोय. मला ऐकू येतं."

नकार आल्यानंतरच्या आठवड्यात बीबी म्हणाली, "पोरी, आतली ट्रंक उघड. तपकिरी शाल आहे, ती काढ."

हरनीतने काढली. डांबरगोळ्यांचा वास आला.

"डोक्यावरून घे आणि बाजेवर बस. माझ्या बाजेवर."

"कशाला, बीबी?"

"बस तर."

हरनीत बसली, कॅमेऱ्याकडे बघत.

"अशी नाही. पाठ इकडे कर. तोंड इकडे केलंस की तू दिसतेस."

ती वळली. समोर मोसंब्याचं झाड आणि बंद गोठा. गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यावर संध्याकाळचा पाठ लागला होता.

"थोडी वाक," मग बीबी म्हणाली. "इतकी ताठ मी नव्हते. उजवा गुडघा वर घे. हात त्यावर ठेव. हां. चोळ हळूहळू."

हरनीत गुडघा चोळत राहिली. अर्ध्या तासाने भिंतीतून नाक पुसल्यासारखा आवाज आला. "जा आता. उद्या ये."

मग हे रोजचंच झालं. नछत्तरला ते आवडलं नाही.

"जित्या माणसाची जागा अशी भरू नये," तो म्हणाला.

छिंदो म्हणाली, "म्हातारीचं मन आहे. अर्धा तास बसली तर पोरीचं काय झिजतं?"

पण मार्गशीर्ष लागला, धुकं पडू लागलं, आणि छिंदोच्याच लक्षात एक गोष्ट आली. हरनीत घरी भाजी निवडतानाही उजवा गुडघा वर घेऊन बसायची. एक हात निवडत असे, दुसरा गुडघा चोळत असे. छिंदोने चिमट्याने तिच्या हातावर मारलं.

"काय गं ते?"

"काय?"

"वीस वर्षांची आहेस तू."

हरनीतने हात काढून घेतला. थोड्या वेळाने तो पुन्हा तिथेच होता.

दुसरी फाईल संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या लोहरीच्या आत जायला हवी होती. इंग्रजीच्या परीक्षेत हरनीतला नऊपैकी साडेसहा मिळाले होते, आणि त्या निकालाची दोन वर्षांची मुदत फेब्रुवारीत संपत होती. कॉलेजने जागा मेपर्यंत धरली होती. त्यानंतर परीक्षा नवी, कॉलेज नवं, सगळं पहिल्यापासून. ते पुन्हा जमणार नाही हे तिघांनाही माहीत होतं. ते कोणी बोलून दाखवत नव्हतं.

फगवाड्याचा एजंट पम्मा. त्याच्या दुकानाच्या काचेवर व्हिसा मिळालेल्या पोरांचे फोटो चिकटवलेले होते. फोटो इतके झाले होते की आत उजेड यायचा नाही आणि दुपारीही दिवा लावावा लागे. बाप-लेक आत बाकावर बसले. आणखी सहा-सात जण होते.

"चाचा, या वेळी नकाराचं कारणच मारायचं," पम्मा म्हणाला. "पोरगी परत येणार, हे बापाने शपथेवर लिहून द्यायचं. मी तयार करून ठेवलंय. फक्त सही."

नछत्तरला पंजाबी वाचता यायचं, सावकाश. त्याने बोट फिरवत वाचलं. माझी मुलगी हरनीत कौर दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण होताच मायदेशी परत येईल, याची मी शपथेवर खात्री देतो.

"दोन वर्षांनी?"

"कोर्स दोन वर्षांचाच आहे ना."

"आणि नाही आली तर?"

"चाचा, तिकडून कोण सायकल मारत येणारे तुम्हाला विचारायला?"

बाकावरचे हसले. नछत्तरने कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला आणि एकेक किल्ली बाजूला करू लागला.

"ही गरुडवाल्यांची. दोन वर्षं म्हणाले होते. ही मास्तरांची. दोन वर्षं. ही तीन भावांची, तिघंही दोन वर्षंच म्हणाले. बीबी तर वैशाखी म्हणाली." अकराव्या किल्लीपर्यंत तो पोचला तेव्हा दुकानात कोणी हसत नव्हतं. "यांच्यापैकी कोणी शपथ घेतली नव्हती. म्हणून मी कोणाला खोटं म्हणत नाही. मी अमृत घेतलेला, दीक्षा घेतलेला शीख आहे. शपथेवर नाही लिहिणार."

"मग फाईल नाही लागणार," पम्मा म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. "या, बसा."

बसमध्ये हरनीत खिडकीशी बसली. धुक्यात उसाच्या ट्रॉल्या दिसायच्या नाहीत, फक्त त्यांच्यावरची गाणी ऐकू यायची.

"मी येणार नाही असं वाटतं तुम्हाला," ती म्हणाली.

"तुला काय वाटतं? येशील?"

तिने काचेवरचं पाणी बोटाने पुसलं. गाव येईपर्यंत तिने उत्तर दिलं नाही. नछत्तरने ते लक्षात ठेवलं. पोरगी खोटं बोलली नाही, एवढं त्याला बरं वाटलं, आणि तेच वाईटही वाटलं.

पुढचे नऊ दिवस बाप-लेकीत बोलणं नव्हतं. हरनीत कामं करायची, संध्याकाळी बीबीच्या बाजेवर बसायची, येऊन जेवायची. छिंदो दोघांच्या मध्ये निरोप पोचवायची. "तिला म्हणावं मीठ दे." "त्यांना म्हणावं तिथेच आहे, हाताशी."

दहाव्या दिवशी बीबीच्या गच्चीवरची टाकी गळू लागली. नछत्तर स्वतः गेला, शिडी चढून एम-सील लावलं, आणि उतरताना गुडघा धरून मोसंब्याच्या बुंध्याशी बसला. हरनीत बाजेवर शाल घेऊन बसली होती. धुकं इतकं खाली उतरलं होतं की तिचे पाय दिसत नव्हते.

"नछत्तरा," भिंतीतून आवाज आला.

"सत श्री अकाल, बीबी."

"पोरीच्या कागदावर सही करत नाहीस म्हणे."

त्याने लेकीकडे पाहिलं. तिची पाठ हलली नाही.

"खोटी शपथ कशी घेऊ, बीबी? तुम्हीच सांगा. तुम्ही वैशाखीला येणार होतात."

"मग? आले नाही का?"

नछत्तरने बाजेकडे पाहिलं.

"ती कोण बसलीय?" बीबी म्हणाली. "शाल कोणाची? बाज कोणाची? इथे माझे पाय बर्फासारखे पडलेत, नछत्तरा, आणि तिथे मी रोज येऊन बसते. सुनेला विचार. म्हणते, बीबी, तुम्ही चार वाजता कुठे असता, हाक मारली तरी ओ देत नाही. येण्याची एकच तऱ्हा असते का?"

बाजेवर हात गुडघा चोळत होता, सारख्या लयीत. आपली पोरगी कोणत्या हाताने चोळते हे आठवायचा नछत्तरने प्रयत्न केला, आणि त्याला ते आठवेना. त्याला हाक मारायची होती. कोणत्या नावाने मारावी हे क्षणभर कळेना, म्हणून तो उठला आणि फाटकातून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी पम्माच्या टेबलाशी उभा राहून तो म्हणाला, "यातलं 'दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण होताच' खोड. नुसतं परत येईल, असं ठेव."

"कधी ते नको?"

"नको."

"तारीख नसलेली शपथ कोण मानणार, चाचा?"

"जो घेतो तो."

पम्माने खांदे उडवले आणि नवा कागद छापला. नछत्तरने सही केली. अक्षर नीट यावं म्हणून त्याने श्वास रोखून धरला होता.

फाईल चढवायची ठरली लोहरीच्या तीन दिवस आधी. त्यासाठी हरनीत एकटीच फगवाड्याला गेली. धुक्यामुळे परतीची बस निघेना. तिने आईला फोन केला. "दिवे लाव. आणि बीबीकडे बस. ती वाट बघत असेल."

छिंदो कुरकुरली, पण गेली. शाल घेतली, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली. भिंतीतून आवाज आला नाही. म्हातारीचा पाठ अजून चाललेला दिसतोय, असं वाटून ती बसून राहिली.

नछत्तर घरी होता. पावणेसहाला फोन वाजला. मलकीत. तो कधी फोन करत नसे.

"चाचा, कोठीत कोण आहे?"

"का रे, काय झालं?"

"अंगणात कोण बसलंय ते बघा. आत्ता जा. फोन चालू ठेवा."

नछत्तर काठी घेऊन निघाला. फोनमध्ये मलकीतचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्या मागे कोणी बाई रडत होती, मधूनच किंचाळल्यासारखी.

"बीबी गेली, चाचा," मलकीत चालता चालता म्हणाला, म्हणजे नछत्तर चालत होता, तो कुठे उभा होता कोण जाणे. "दीड वाजता. हॉस्पिटलमध्ये. आम्ही आत्ता घरी आलो. तिच्या टेबलावर ते चालूच होतं, ती बघायची ते. बायको बंद करायला गेली." तो थांबला. "बीबी बसलीय त्यात. बाजेवर. गुडघा चोळतेय."

नछत्तर फाटकाशी पोचला. धुक्यात तपकिरी शाल दिसली, वाकलेली पाठ, वर घेतलेला गुडघा. हरनीत तर फगवाड्यात होती. फाटकाची कडी त्याच्या हाताला सापडेना. जिच्याबरोबर त्याने तेवीस वर्षं संसार केला होता, ती त्याला पाठमोरी ओळखू आली नाही. ती खोकली, तेव्हा ओळखू आली.

"माझी बायको आहे, मलकीत," तो हळू म्हणाला. "छिंदो. बीबीनेच सांगितलं होतं असं बसायला. रोज हरनीत बसते. आम्हाला काही माहीत नव्हतं रे. उठवतो तिला, आत्ता उठवतो. माफ कर."

पलीकडे बाई अजून रडत होती. त्याला वाटलं किल्ली गेली. गावभर नाव खराब होणार, बाकीचे दहाही जण किल्ल्या मागणार. आणि पोरगी तिकडे गेलीच तर तिथेही हे नाव तिच्या आधी पोचणार.

"चाचा."

"हां."

"उठवू नका."

नछत्तर फाटक धरून उभा राहिला.

"बसू दे तिला," मलकीत म्हणाला. मागचं रडणं आता थांबलं होतं. "थोडा वेळ." मग बऱ्याच वेळाने, लहान पोरासारख्या आवाजात, "उद्या बसतील का त्या?"

परवाना फाल्गुनात आला. मोहरी पिवळी झाली होती. हरनीतने कागद वाचला, मग पुन्हा वाचला, आणि खाली बसून आईच्या पायांवर डोकं ठेवलं. नछत्तर म्हणाला, "मिळाला?" ती म्हणाली, "मिळाला." तो किल्ल्या घेऊन बाहेर गेला आणि त्या दिवशी सगळ्या कोठ्यांच्या फरश्या त्याने स्वतः धुतल्या.

ती वैशाखीनंतर गेली. विमानतळावर सोडायला जीप होती. पम्माने तिचा फोटो काचेवर लावला.

अकरा कोठ्यांचं काम आता दोघांवर आलं. छिंदो संध्याकाळी बीबीच्या बाजेवर बसायची, तोवर दिवे नछत्तर लावायचा. दिवस मोठा झाला होता, सात वाजायचे. मलकीत ट्रक घेऊन निघायच्या आधी बघायचा. तो कधी बोलला नाही. फक्त कॅमेऱ्यावरचा बारीक लाल दिवा लागायचा.

हरनीत जाऊन अठरा दिवस झाले असतील. छिंदो बीबीकडे गेली होती. नछत्तर घरी लसूण सोलत होता. फोन वाजला आणि त्यात हरनीतचं तोंड दिसलं. मागे पांढरी भिंत होती. खिडकी छताला लागून होती, त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसत होते.

"जेवलीस?"

"हो. फोन फळीवर ठेवा, बापूजी. अंगण दिसेल असा. तुमचं काम चालू द्या."

त्याने ठेवला. तो लसूण सोलू लागला.

"माझ्या बाजेवर कोण आहे?"

नछत्तरने वळून पाहिलं. "कोणी नाही. तुझी पिवळी ओढणी आहे. आईने धुऊन टाकलीय तिथे. काढू?"

"नका काढू." मग ती म्हणाली, "खाली उशी ठेवा."

"कुठे?"

"ओढणीखाली. उभी. हां. अजून एक, तिच्यावर."

त्याने ठेवली. लसणाचा वास ओढणीला लागेल म्हणून त्याने हात सदऱ्याला पुसले.

"वरची थोडी वाकवा," हरनीत म्हणाली. "इतकी ताठ मी बसत नाही."

त्याने वाकवली. ओढणी सारखी केली. दोन उशा आणि पिवळी ओढणी, पाठ फोनकडे.

"आता?"

"आता ठीक."

तो तिथेच उभा राहिला. अजून काही सांगेल, असं त्याला वाटत होतं.

"बापूजी," फळीवरून आवाज आला, "तुम्ही जरा बाजूला व्हा. तुम्ही दिसताय."

नछत्तर बाजूला झाला. भिंतीला पाठ लावून, जिथे फोनमधून दिसणार नाही अशा जागी, श्वासाचाही आवाज न करता तो उभा राहिला. गुरुद्वाऱ्याचा पाठ सुरू झाला आणि संपला. अंधार पडला. गावात त्या दिवशी एकाही कोठीत दिवा लागला नाही.